पायलीभर गोष्ट

मंगळवारी सकाळी साडेआठ वाजता कामरगावच्या नव्या गिरणीसमोरून सात बाया ज्वारी न दळताच परत निघाल्या. साल १९५६. इंजिन चालू होतं, पट्टा फिरत होता, मालक दौलतराव दारात उभे होते.

कारण होतं रंगूबाईची गोष्ट. तीस वर्षं शेजारणी तिच्या जात्यावर दळायला येत आणि ती गोष्ट सांगे. एक पायली ज्वारी, एक गोष्ट. अर्ध्या पायलीपर्यंत राणीवर संकट, पायली सरता सरता सुटका. गिरणी आली, जातं रिकामं पडलं. मग रंगूबाई गिरणीतच येऊन बसू लागली.

नवी गोष्ट सन दोन हजारची होती. त्या साली एक यंत्र दळतं, मळतं, भाकरी थापतं आणि शेवटी माणसाऐवजी ती चावतंही. माणसांचे दात गळतात. मग यंत्र विचारतं, "आता तुमचं काय काम?" इथवर येईतो पीठ तयार. बाया पिठासोबत तो प्रश्नही घरी नेत. आठ दिवसांत निम्म्या घरांत जाती पुन्हा मांडली गेली.

"काकू, सुटका काहून नाही करत माणसायची?" दौलतरावांनी विचारलं. "माही गिरणी बसून राह्यली."

"गोष्ट पायलीची हाय, बापा. तुही गिरणी गोष्ट अर्धी झाली का दळून मोकळी. मी काय करू?"

"मंग आज पुरी सांगा. इंजिन बंद करतो."

"बिना दळणाची मले येत नाही. जातं तू ओढशीन?"

नऊ वाजता इंजिन थांबलं. रंगूबाईचं जातं आलं, सातही बाया परत आल्या. भरलेली पायली शेजारी ठेवून दौलतराव मांडी घालून बसले.

"जोरानं, मालक," सातांतली कस्तुराबाई म्हणाली. "यंत्र दमलं का काय?"

दहा वाजता गोष्टीतल्या यंत्राला कान उगवले. साडेदहाला ते एका गिरणीवाल्याचं घर विचारू लागलं. दौलतरावांच्या तळहातांना फोड आले. ते घाम पुसायला थांबले की रंगूबाई पदरातली मूठभर ज्वारी हळूच पायलीत टाकी. सातही जणींनी पाहिलं.

अकरा वाजता पायलीत अजून अर्धी ज्वारी होती. यंत्र गिरणीवाल्याच्या दारात पोचलं होतं आणि कडी वाजवत होतं.