पिवळ्याचा पापुद्रा

मागच्या हिवाळ्यात मी न्हाणीघरात घसरून पडले आणि माझ्या गुडघ्याची माळ झाली.

माळ म्हणजे खरीखुरी, गळ्यात घालायची. गुडघा सुजून जांभळा झाला तेव्हा सुनेने आधी मलम लावलं, पाय उशीवर ठेवला, डॉक्टरांना फोन केला. हे सगळं रीतसर झाल्यावर ती आत गेली आणि काचेच्या रंगीत कांड्यांची मूठ घेऊन आली. एकेक कांडी माझ्या गुडघ्याजवळ धरून बघायला लागली. मी म्हटलं, "अगं, सासू पडली आहे. पडद्याचं कापड निवडत नाहीयेस तू."

"आई, हलू नका," ती म्हणाली. "हा कडेचा हिरवा उद्या राहणार नाही."

खरंच राहिला नाही. जांभळ्याचा निळसर झाला, मग शेवाळी, मग पिकल्या पानासारखा. ती रोज येऊन बघायची आणि मी रोज बडबडायचे. शेवटी त्या रंगांचे मणी झाले, माळ झाली आणि एक बाई ती हौसेने घेऊन गेल्या. म्हणाल्या, अगदी संध्याकाळचं आभाळ. तो माझा गुडघा आहे, हे त्यांना कुठल्या तोंडाने सांगणार?

आमची सून काचेचे मणी करते. बर्नरच्या ज्योतीत कांडी वितळवायची, ती पातळ सळईवर गुंडाळत फिरवत राहायची आणि गोल झाला की मणी छोट्या भट्टीत सावकाश निवायला ठेवायचा. घाई केली की तडकतो. गंमत अशी की तापलेली काच, मग ती कुठल्याही रंगाची असो, नारिंगीच दिसते. खरा रंग दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टी उघडल्यावर. म्हणजे ही बाई डोळ्यांपुढे नारिंगी बघत असते आणि मनात निळा धरून ठेवते. मी जन्मभर कपडे शिवले, पण माझं कापड तरी माझ्यासमोर असायचं. आता माझ्याकडे माळा ओवायचं काम आहे. सुनेचं कौतुक करणारी सासू म्हणून शेजारच्या बायका माझ्याकडे संशयाने बघतात. बघोत बापड्या.

रंग तिला कुठेही सापडतात. गंजलेलं झाकण, कबुतराची मान, बादलीतला साबणाचा फेस. एकदा भाजीवाल्याकडे कुजका कांदा मागून घेतला तिने. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू आम्ही घरात हिला जेवायलाच देत नाही.

अशा बाईचं घोडं अडलं ते माझ्या लेकीपाशी.

लेकीला आम्ही लवंगी म्हणतो. लवंगी मिरचीतली लवंगी, अंगाने लहान, पण नाकाच्या शेंड्यावर राग. ती दुसऱ्या शहरात नोकरी करते. तिचं लग्न ठरलं तेव्हा सून आपण होऊन म्हणाली, लग्नात घालायची माळ मी करते. लवंगी फोनवर जराही न थांबता म्हणाली, "बाबांच्या खोलीत तुम्ही भट्टी मांडलीत. त्या भट्टीतलं काही माझ्या गळ्यात येणार नाही."

हे मी तिथेच बसून ऐकलं, कारण फोनचा आवाज मोठा केलेला होता. सुनेने "बरं" म्हटलं आणि फोन हळूच खाली ठेवला.

आमचे हे गाड्या रंगवायच्या कारखान्यात रंगारी होते. मागची खोली त्यांची. तिथे डबे, ब्रश, टर्पेंटाइनचा वास आणि त्यांच्या मागे मागे लुटुलुटु फिरणारी लवंगी. हे गेल्यावर ती खोली तशीच बंद होती. खिडकी मोठी, हवा खेळती, म्हणून मीच सुनेला म्हटलं, तुझं सामान इथे लाव. लवंगीला मी हे शंभरदा सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. तिच्या हिशेबी वहिनीने बाबांची जागा घेतली. तेव्हापासून ती घरी आली तरी त्या खोलीचा उंबरा ओलांडत नसे. वहिनीला "अहो-जाहो" करी, पाहुणीला करावं तसं. लेकी बोले सुने लागे म्हणतात. आमच्याकडे उलट. मी सुनेशी दोन शब्द गोड बोलले की ते लेकीला लागत.

"राहू दे," मी सुनेला म्हटलं. "नको म्हणते तर नको. तिच्या नशिबात दुकानातली माळ."

"करून ठेवते, आई. नाही घातली तर नाही. पण मी काहीच केलं नाही, असं नको व्हायला. मग ती लग्न होऊन जाईल आणि आमचं हे असंच राहील."

एवढंच तिला हवं होतं, की हे असंच राहू नये. पण रंग काही सुचेना. लवंगीचे लग्नाचे कपडे साय रंगाचे, म्हणजे काहीही चालतं, आणि काहीही चालतं तेव्हा काहीच सुचत नाही. तिने निळे करून पाहिले, डाळिंबी करून पाहिले. सुंदर होते, पण तिनेच बाजूला सारले. म्हणाली, "हे कुणाच्याही गळ्यात शोभतील. मला तिचं काही माहीतच नाही, आई. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

लग्न आठवड्यावर आलं तेव्हा माझ्या मुलाने घर रंगवायला काढलं. सगळं झालं, राहिलं फक्त त्या मागच्या खोलीचं दार. ते घासायचं काम सुनेने घेतलं. मी स्वयंपाकघरात होते. पॉलिश पेपरचा खरखर आवाज चालला होता, तो एकदम थांबला. बराच वेळ काही ऐकू येईना, म्हणून मी डोकावले. ही दाराला नाक लावून उभी.

"आई, हे बघा."

एका जागी जास्त घासलं गेलं होतं. मधे लाकडाचा ठिपका आणि त्याच्याभोवती रंगांची कडी, एकाबाहेर एक. हिरवं, निळं, पिवळं, तपकिरी आणि सगळ्यात बाहेर वरचा पांढरा. दारावर कुणी डोळा काढावा तसं. इतकी वर्षं मी त्या दारातून ये-जा केली आणि त्याच्या पोटात हे आहे, हे मला सुनेने दाखवलं.

"सगळ्यात जुना कुठला?" तिने विचारलं.

मला काय, सगळं पाठ. कारखान्यात उरलेला रंग हे घरी आणायचे, त्यामुळे आमचं दार त्या वर्षीच्या गाड्यांच्या रंगाचं असायचं. हिरवा आम्ही इथे राहायला आलो तेव्हाचा. निळा लवंगी जन्मली तेव्हाचा. "आणि तपकिरी," मी म्हटलं, "तो माझ्या डोक्यात बसलाय. लवंगी लहान होती. मी धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला गेले होते. परत येऊन बघते तर दार तपकिरी. म्हटलं, निळं चांगलं होतं की. तर हे म्हणतात, तपकिरीवर मळ दिसत नाही. या माणसाला मळ कधीपासून दिसायला लागला, असं मी विचारलं, तर गप्प."

"आणि पिवळा?"

"पिवळा कधीच नव्हता. अस्तर असेल, रंगाआधी लाकडाला लावतात ते."

"अस्तर असं अंड्याच्या बलकासारखं नसतं," ती म्हणाली आणि अजून तीन-चार ठिकाणी घासून पाहायला लागली. खाली सगळीकडे पिवळा निघाला. माझ्या खांद्याच्या वर मात्र नाही. तिथे निळ्यावर थेट तपकिरी. ती त्या पिवळ्याच्या वरच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. कड वेडीवाकडी होती. मला वाटलं, रंग संपला असेल.

त्याच दुपारी ती बर्नरपाशी बसली. हिरव्या गाभ्यावर निळी काच, निळ्यावर पिवळी, मग तपकिरी, मग पांढरी. असा थरांचा मणी करायचा आणि निवल्यावर पाण्याच्या चाकावर एका बाजूने घासायचा, म्हणजे दारासारखी कडी उघडी पडतील. दारावर जसं झालं तसंच मण्यावर करायचं. हे सुचायला डोकं लागतं आणि ते तिच्याकडे आहे.

सकाळी मणी घासले तर निळा आणि पिवळा जिथे भेटतात तिथे काळी, घाणेरडी रेघ. त्या दोन काचांचं एकमेकींशी पटत नाही म्हणे, तापल्या की काजळी धरतात. तिला हे माहीत होतं, पण दाराच्या नादात विसरली.

"तो पिवळा काढून टाक," मी म्हटलं. "कोणाच्या लक्षात येणार आहे? मी या घरात जन्म काढला, मलाच तो माहीत नाही."

"दारात आहे तर माळेतही असणार."

"शहाणी आहेस. लग्नाला दिवस किती राहिलेत?"

"आई, एखादा थर मला कळला नाही म्हणून मी तो खोटा ठरवू?"

मी रागावून चहा टाकायला गेले. तिने दुसऱ्या खेपेला निळ्या आणि पिवळ्याच्या मधे बिनरंगी काचेचा एक पापुद्रा चढवला. इतका बारीक, की असून दिसू नये. दोघींना वेगळं ठेवणारा आणि तरी एकमेकींना दिसू देणारा. दुसऱ्या सकाळी चाकावर पाणी उडत होतं आणि एकेका मण्याचा डोळा उघडत होता. कुठे पिवळा केसाएवढा, कुठे नखाएवढा. एकही दुसऱ्यासारखा नाही. मी खूप सुंदर वस्तू पाहिल्या आहेत, लोकांच्या लग्नाचे कपडे शिवले आहेत. पण ते मणी ओवायचे सोडून मी एकेक उजेडाकडे धरून बघत बसले, हे खरं सांगते.

लवंगी लग्नाच्या दोन दिवस आधी आली. माळ मीच तिच्यापुढे ठेवली. सून मुद्दाम आत कामाला बसली होती.

"छान आहे," लवंगी म्हणाली, दुकानदाराला म्हणावं तसं. "पण मी सांगितलं होतं, आई."

"हो, सांगितलं होतंस. नको तर ठेव तिथे."

ती ठेवायलाच निघाली होती. खिडकीतून ऊन येत होतं, त्यात मणी फिरले. ती थांबली. एक मणी नखाने वर केला, मग दुसरा. मग खाली बसली.

"हा पिवळा कुणी सांगितला?"

"कुणी नाही. वहिनीला विचार. माझं तिच्याशी त्यावरून भांडण झालंय."

ती माळ हातात घेऊन मागच्या खोलीपाशी गेली आणि सवयीने उंबऱ्याबाहेर उभी राहिली. मीही मागे गेलेच. सून काळा चष्मा लावून बर्नरपुढे होती.

"एक मिनिट," ती वर न बघता म्हणाली. "हात थांबवला तर काच ओघळेल."

लवंगी थांबली. मणी भट्टीत गेला, चष्मा उतरला. लवंगीने माळ पुढे धरली.

"तो दाराला होता," सून म्हणाली. "खाली सगळीकडे आहे, वर नाही. वर का नाही, ते कळलं नाही मला."

"माझा हात तिथवरच पोचायचा."

मग लवंगीने सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी बहिणीकडे गेले होते तेव्हा ती माझ्यासाठी रडत होती. बाबांनी तिच्या हातात ब्रश दिला आणि म्हणाले, दार तुझं, रंग निवड. तिने पिवळा निवडला. पोचेल तिथवर तिने रंगवलं. वरचं उंच झालीस की रंगव, असं बाबा म्हणाले. मग माझा निरोप गेला, की मी लवकर येतेय. दोघं घाबरले. अर्धं पिवळं दार बघून आई काय म्हणेल? एका संध्याकाळीत त्यांनी सगळ्यावर तपकिरी फासला.

"मी खूप रडले. तर म्हणाले, तुझा रंग आत आहे. दिसणार नाही एवढंच." तिने दाराच्या घासलेल्या जागेवर हात ठेवला. "हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मला वाटलं, बाबांबरोबर गेलं ते."

सुनेचे डोळे भरले होते आणि माझेही. लपवून काय करायचं?

लवंगीने खोलीत नजर टाकली. खिडकीच्या वर तिच्या बाबांचे ब्रश धुऊन, पुसून, ओळीने टांगलेले होते. सुनेने सामान लावलं त्या पहिल्या दिवसापासून ते तिथेच होते. बाहेरून दिसत नव्हते, कारण ती भिंत आत आल्याशिवाय दिसत नाही. लवंगी उंबरा ओलांडून आत गेली आणि त्यातला रुंद ब्रश काढून घेतला.

"वहिनी, असा पिवळा बाजारात मिळेल? तुझा डोळा चांगला आहे, तू चल माझ्याबरोबर."

मी "तुझा" ऐकलं. सुनेनेही ऐकलं असणार, कारण ती चपला उलट्या घालून निघाली.

लग्नाच्या आदल्या दिवशी त्या दोघींनी ते दार रंगवलं. खालचं वहिनीने आणि वरचं लवंगीने. ती आता चौकटीच्या वरच्या कडेपर्यंत पोचते, स्टूल न घेता. लग्नात साय रंगाच्या कपड्यांवर ती माळ होती. नखांत पिवळा रंग होता, तो काही निघाला नाही. येणारा जाणारा विचारी, मणी कुठले? लवंगी सांगे, आमच्या घरचे.

दार अजून पिवळं आहे. अंड्याच्या बलकासारखं, भडक, डोळ्यांत खुपणारं. माझ्या स्वयंपाकघरातून सारखं दिसतं. मी कधी असा रंग निवडला नसता. पण आता तो बदलायचं कुणी नाव तर काढून बघा.