हळदीच्या दिवशीचा शब्द

कोपरखैरण्याच्या घरात नमिताची हळद होती, आणि खाली मांडवात डीजेवाला असा काही सुटला होता की वरच्या खिडक्या थरथरत होत्या. हॉलमध्ये केशरबाई धवलारीन लग्नाची गाणी म्हणत होती, बाया पाटावरच्या नमिताला हळद चोळत होत्या, आणि सगळ्यांचं एकच चाललं होतं, "काय बारीक झालीस गो, हिरोईनच." लग्न ठरल्यापासून पोरगी काकडी आणि लिंबूपाण्यावर होती, नि तिची आई, स्मिता, ते ज्याला त्याला कौतुकाने सांगायची.

धाकट्या बहिणीने, उन्नतीने, हळद लावायला हात फिरवला तर बोटांखाली फासळी न् फासळी. तिने हात काढूनच घेतला.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरची भाडेकरू, डॉक्टर गीतांजली आली. तिने नमिताचं मनगट धरलं ते सोडेचना. मग उन्नतीच्या कानात म्हणाली, "ही इमेशिएटेड आहे. ठोके चुकतायत. आत्ताच अ‍ॅडमिट करा."

उन्नतीने मोरीत जाऊन मोबाईलवर तो शब्द बघितला. खंगलेलं, नुसती हाडं उरलेलं. मूळ लॅटिन, अर्थ झिजवून वाळवून टाकणं. म्हणजे हे आपोआप होत नाही, कुणीतरी करतं. बाहेर अजून हिरोईन, हिरोईन चालूच होतं.

ती आईकडे धावली. "ताईला हॉस्पिटलात न्यायचंय."

"येरी झालीस काय? अंगाला हलद लागली हाय. आता उद्या लगनालाच उंबरा ओलांडल ती."

"डॉक्टर म्हणते हार्ट बंद पडेल."

"मंग सलाईन हितंच लाव म्हनावं."

"हलदीची नवरी भायेर जात नाय," केशरबाई म्हणाली, आणि तिने पुढचं गाणं उचललं.

नमिता हसली. "उन्नू, फोटो तरी होऊ दे..." आणि तिची मान खांद्यावर पडली. डोळे उघडेच.

उन्नतीने तिला उचललं, एकटीने. दारात बाया आडव्या झाल्या, सगळ्यांत पुढे आई. उन्नतीने ताईला सरळ आईच्या हातांत दिलं.

आईने वजन पेलायला पाय रोवले होते. पेलायला काही आलंच नाही.

"नमू," आईने हाक मारली. नमूने ओ दिली नाही. "सरा गो बाजूला," आई म्हणाली, आणि उंबऱ्याबाहेर पडली.

जिन्यात गीतांजली मनगट धरून सोबत पळत होती.

"लागतायत ना ठोके?" उन्नतीने विचारलं.

गीतांजलीने बोटं जरा वर सरकवली आणि पुन्हा दाबली.