कार्डावरचं खवलं

मी एक जुनी बर्फाची पेटी आहे. मिठबावला यशोदाच्या मागल्या पडवीत पडून असते. झाकण गेलं, एक कडी गेली, आणि आता एक कोंबडी माझ्यात अंडी घालते. घालू दे. मित्रांनो, भांडायचं वय माझं सरलं.

१९९८ साली धोंडू सुताराने मला फणसाच्या फळ्यांपासून बनवलं. आतून पत्रा, मधे थर्माकोल. यशोदा मला एस.टी.त घालून देवगडला मासे विकायला न्यायची. कंडक्टर नाक धरायचा, पण पापलेट पहिला तोच घ्यायचा. "माझ्या पेटीत कायएक बिघडना नाय," असं यशोदा बाजारभर सांगायची. ते खरंच होतं. खोटं कशाला बोलू?

२००६ च्या थंडीत यशोदाची नात आरोही आजारी पडली. नऊ महिन्यांची पोर. जुलाब, उलट्या, थांबायचं नाव नाही. वाडीत आणखी तीन पोरं तशीच होती. गावच्या डॉक्टरांनी एक डबी दिली. म्हणाले, "शी तपासून आणा. विहिरीचं पाणी बाधलं की विषाणू आहे, ते कळू दे. तोवर मीठसाखरेचं पाणी देत राहा."

सून योगिनी पाणी द्यायला बसली, तर यशोदाने वाटी उचलली.

"वरून ओतलंस काय खालसून जातला. पोट जरा सुक्या रवांदे."

"आई, पण डॉक्टर म्हणाले..."

"डॉक्टराक पोरां किती? माका पाच."

योगिनीने चमचा खाली ठेवला.

सकाळी यशोदाने ती भरलेली डबी माझ्यात, सुरमईच्या शेजारी, बर्फात पुरली. बर्फात पुरलं ते टिकलं, एवढंच तिला ठाऊक. नाकं मुरडू नका. मुरडायची तेवढी मी तेव्हाच मुरडली.

देवगडला एका लॅबमध्ये मेल्विना नावाची बाई तपासणी करायची. तिच्याकडे बोटाएवढं पांढरं कार्ड होतं. पूर्वी असला नमुना दूर शहरात जायचा, उत्तर येईतो पोर बरं तरी व्हायचं नाहीतर जायचं. हे कार्ड पंधरा मिनिटांत सांगायचं. एक रेघ म्हणजे कार्ड नीट चाललं, पण विषाणू सापडला नाही. दोन रेघा म्हणजे सापडला.

एकच रेघ आली.

यशोदाने पदर खोचला. "बघलंस? काय नाय. आता ता मीठसाखरेचा पाणी बंद."

मेल्विनाने कार्ड उजेडाला धरलं. थेंब टाकायच्या खळग्यात माशाचं एक खवलं चमकत होतं.

"मावशी, डबीचं झाकण कोणी लावलं?"

"मीच. कशाक?"

"सैल राहिलं. बर्फाचं पाणी आत गेलंय. नमुना पातळ झाला की असलेला विषाणूही दिसत नाही. या रेघेवर जाऊ नका, मुलीलाच आणा."

"माझ्या पेटीत कायएक बिघडना नाय."

इतका वेळ पुस्तकी बोलणारी मेल्विना मालवणीवर आली. "मावशे, पेटी बरी आसा. माका पेटी नाय तपासूची, चेडू तपासूचा आसा."

  यशोदा उठली आणि बूथवरून घरी फोन करून पोरीला आणायला सांगून आली.

दुपारी योगिनी पोरीला रिक्षातून घेऊन आली. डोळे खोल गेलेले. पोर रडत होती, पण डोळ्यात टिपूस नव्हता. ताजा नमुना घेतला. दुसरी रेघ आधी फिकट, मग लालभडक आली.

"ह्याका औषध काय?" यशोदाने विचारलं.

"विषाणू मारूचा औषध नाय. ता आपसूक जाता. तवसर चेडवाच्या अंगातला पाणी जावक देव नको. संध्याकाळपर्यंत सुधारला नाय तर सलाईन."

 यशोदा सुनेला म्हणाली, "वाटी हिकडे दी गो."

माझ्या झाकणावर बसून ती पोरीला एकेक चमचा पाजत राहिली. उलटी झाली की थांबायची, परत सुरू. उन्हं कलली तेव्हा पोरीने मोठं भोकाड पसरलं. गालावर दोन थेंब ओघळले. माशाचे कल्ले तपासावे तशी यशोदा वाकून ते बघत राहिली.

"इला," ती म्हणाली. "पाणी इला गो." आणि सुनेकडे न बघताच वाटी तिच्या हातात दिली.

पोर वाचली. माझा मात्र धंदा बुडाला. शीची डबी नेलेल्या पेटीतले मासे कोण घेणार? यशोदाने मला मेल्विनाला दिलं. तीन वर्षं मी गावोगावचे नमुने आणले, प्रत्येक डबी पिशवीत बांधलेली. मेल्विना म्हणायची, "ही माझी सांगातीण." मग नवा प्लास्टिकचा डबा आला आणि मी परत पडवीत आले.

मित्रांनो, मला पुसून ठेवा नाहीतर फोडून चुलीत घाला, माझी तक्रार नाही. पण शी करून आलात की साबणाने हात धुवा, आणि डबी दिली तर झाकण घट्ट लावा. घरात पोराला जुलाब लागले आणि कोणी शहाणी वाटी उचलायला लागली, तर तिला माझ्याकडे धाडा. कोंबडी उठवून मी तिला जागा करून देईन. बसून ऐकू दे.