बाबांचं फुप्फुस

बाबांनी उभा जन्म वेल्डिंग केलं आणि म्हातारपणी त्यांच्या फुप्फुसांनी दगा दिला. आतला मऊ भाग चामड्यासारखा घट्ट होत जाणारा आजार, त्यावर औषध नाही. त्यांची मुलगी मोठ्या इस्पितळाच्या टिश्यू बँकेत कामाला होती. काही माणसं जाताना संशोधनासाठी अवयव देऊन जातात. त्या अवयवांचे तुकडे करायचे, टिकवायचे आणि मागतील त्या प्रयोगशाळांना पाठवायचे, हे तिचं काम.

विषय बाबांनीच काढला. "माझे भाते घेतील का ग तुमच्याकडे?"

"घेतील. पण लगेच काढावे लागतात, बाबा."

"का? नासतात?"

तिनं समजावून सांगितलं. पेशीत आरएनए असतो. पेशीनं आत्ता काय करायचं, याच्या चिठ्ठ्याच म्हणा. आजारानं नेमकं काय बिघडवलं ते त्या वाचून कळतं. पण माणूस गेला की शरीरातलीच रसायनं त्या फाडत सुटतात.

"म्हणजे मेल्यावरही लोळत पडायची सोय नाही," बाबा म्हणाले आणि हसता हसता खोकून बेजार झाले. "बघा उघडून. आत एखादा पाना सापडला तर माझा आहे, परत करा."

सही त्यांनी स्वतः केली. आईनं नुसती मान डोलावली. तिच्या दादाला मात्र हे मुळीच पटलं नाही. तो दुसऱ्या शहरात राहायचा. फोनवर म्हणाला, "तुझ्या नोकरीपायी बाबांना कापायला देतेस?"

"बाबांनी दिलंय. मी नाही."

"तुझ्या डोक्यानं दिलंय."

बाबा गेले ते तिच्याच इस्पितळात, भर सकाळी. दादा वाटेतच होता. तो पोचला तेव्हा स्ट्रेचर घेऊन आलेली माणसं दाराबाहेर भिंतीला टेकून उभी होती. दादा थेट आत गेला, खाटेशी स्टूल ओढून बसला आणि बाबांचा हात दोन्ही हातांत धरला. रडला नाही. नुसता अंगठा त्यांच्या नखांवरून फिरवत राहिला.

ती दाराशी उभी राहून बघत होती. दुसरी कुणी असती तर तिथंच जमिनीवर बसली असती. पण तिला आत काय चाललंय ते माहीत होतं. बाहेरून बाबा झोपल्यासारखे दिसत होते आणि आत चिठ्ठ्या फाटत होत्या.

"दादा, ऊठ आता."

"थांब जरा."

"थांबता येत नाही."

"आत्ता तर आलोय ग मी."

"माहितेय. ऊठ."

तो उठला नाही. मग तिनं खाली वाकून त्याची बोटं एकेक करत बाबांच्या हातावरून सोडवली. शेवटच्या बोटाला जोर लावावा लागला. दादानं वर पाहिलं. बहिणीकडे कुणी असं बघत नाही. त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलेनासा झाला.

आपल्या माणसाच्या अवयवाला स्वतः हात लावायचा नाही, असा बँकेचा नियम होता. म्हणून काम तिच्या मैत्रिणीकडे गेलं. दोघी एकाच टेबलावर समोरासमोर बसायच्या. मैत्रीण त्यांच्या घरी कितीदा तरी जेवून गेलेली.

काही आठवड्यांनी तपासणी झाली. आरएनए किती शाबूत आहे याचे दहापैकी गुण एक यंत्र देतं. सातच्या खाली आलं की प्रयोगशाळा नाक मुरडतात. बाबांना दोन मिळाले.

क्षणभर तिला दादाचाच राग आला. पण तेवढ्या उशिरानं गुण इतके घसरत नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं थंड कपाटातून बाटली काढली. टिकवायच्या द्रवात नखाएवढे पातळ तुकडे बुडवायचे असतात. जाड तुकड्यात तो द्रव आतपर्यंत शिरत नाही. या बाटलीत लिंबाएवढा एकच गोळा होता. वरून ठीक होता, आतून वाया गेलेला.

तिनं बाटली मैत्रिणीपुढे ठेवली. मैत्रिणीचा चेहरा पडला.

"हातच चालेना ग. काकांना बारीक चिरायचं... एकदा कापलं, पुढे नाही जमलं."

"मग दुसऱ्या कुणाला सांगायचंस."

"तुला शब्द दिला होता ना, मीच करीन म्हणून."

"तुला दया आली," ती म्हणाली. "मला काय, दादाची बोटं सोडवताना मजा वाटत होती?"

मैत्रीण रडायला लागली. तिची समजूत काढावी असं हिला वाटलंच नाही. बँकेच्या डॉक्टरांनी अहवाल पाहिला, "होतं असं कधीकधी" म्हणाले आणि बाटली काढून टाकायला सांगितलं. नियम आता कुणाला आठवला नाही. जाळायच्या कचऱ्याच्या पिशवीत तिनं ती स्वतःच टाकली. पुढच्या महिन्यात मैत्रिणीनं टेबल बदलून घेतलं. कुणी तिला थांबवलं नाही.

वर्ष सरत आलं तेव्हा दादा आईला भेटायला आला. जेवणं झाल्यावर तो बहिणीच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

"आई सांगत असते सगळ्यांना, बाबांवर मोठं संशोधन चाललंय म्हणून." तो घुटमळला. "मी तेव्हा फार बोललो तुला. काय निघालं ग त्यातून?"

खोटं बोलणं सोपं होतं. तो ऐकायला तयार होऊन आला होता; एका वाक्यात सगळं सुरळीत झालं असतं. पण त्या खोटेपणावर मिळालेली माफी तिला घशाखाली उतरली नसती.

"काही नाही निघालं. आमच्याकडे चूक झाली. खराब झालं."

"कुणाची चूक?"

"आमची."

दादा अगदी हळू म्हणाला, "मग मला का उठवलंस?"

तो ओरडला असता तर तिलाही ओरडता आलं असतं. तो वळला, बाहेर जाऊन बूट घालायला लागला. आई स्वयंपाकघरातून विचारत होती, एवढ्यात निघालास का, चहा टाकतेय.

आईला दोघांनीही काही सांगितलं नाही. घरी कुणी आलं की ती अजून सांगते, यांचं फुप्फुस कुठल्या कुठल्या देशांतले डॉक्टर वापरतायत. मुलगी समोर असली तर भांडी आवरायला उठते. दादा असला तर तो खिडकीबाहेर बघत बसतो.