क्षेत्रपालाचं समीकरण

केदारखेड्यात शाळेसमोर मांडव पडला होता आणि मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. पांढऱ्या पडद्यावर मोठाले आकडे उमटत होते. लॅपटॉपसमोर जलगणिती अण्णासाहेब बसले होते. कपाळाला अष्टगंध, मनगटात जाडजूड घड्याळ, हातात माईक.

"शाळेत मास्तरांनी शिकवलं, क्ष म्हणजे अज्ञात," ते म्हणाले. "अज्ञात कसा असेल, माझ्या माणसांनो? क्ष म्हणजे क्षेत्रपाल, तुमच्या शेताचा राखणदार. त्याला तुमचं नाव सांगायचं, दहा दिशांची आण घालायची, की पाणी किती फुटांवर आहे ते तो स्वतः बोलतो. मी फक्त बटण दाबतो."

आपल्या शेतात पाणी किती खोल आहे ते विचारायला सगुणाबाई पुढे झाल्या. नावाची अक्षरं पाच, दिशा दहा. पडद्यावर समीकरण आलं, कोन अंशात नाही तर रेडियनमध्ये : दहा गुणिले साइन क्ष बरोबर पाच. अण्णासाहेबांनी डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं, बटण दाबलं, आणि उत्तर आलं : १८४.८३. ते उत्तर क्षच्या जागी घालून दाखवलं, तर दोन्ही बाजूंना पाच. सगुणाबाईंनी पडद्याला हात जोडले. मागे पाच-सहाशे माणसांनी जोडले.

अण्णासाहेब शेजारच्या खुर्चीकडे वळले. तिथे देवानंद बोर्डे बसला होता, अंगावर नवी शाल. देवानंद गावातला पहिला इंजिनिअर. जालन्याला एका ऑफिसात पुलांचे हिशोब करायचा, आणि अज्ञात राशी शोधणारं असलंच सॉफ्टवेअर रोज वापरायचा.

"साहेब, हे तुमचं रोजचं काम. गणितात चूक असेल तर इथंच सांगा."

देवानंदला लॅपटॉप समोर दिसत होता. समीकरणाखाली एक बारीक चौकट होती, 'सुरुवातीचा अंदाज', आणि त्यात बटण दाबायच्या आधीच १८५ लिहिलेलं होतं. पडद्याचा तेवढा भाग झेंडूच्या माळांनी झाकला होता. यात काय चाललंय ते त्याला तिथल्या तिथे कळलं. पण समोर अख्खं गाव त्याच्याकडे बघत होतं. ज्या जागी त्याच्या बापाला कधी कुणी 'बस' म्हटलं नव्हतं, तिथे आज त्याला खुर्ची होती.

"गणित बराबर आहे," तो म्हणाला.

खोटं तो एक अक्षरही बोलला नव्हता. पुढे तेच त्याला जास्त टोचत राहिलं.

तीन आठवड्यांनी सगुणाबाई त्याच्या घरी आल्या. नात्याने चुलती, एकट्या राहायच्या, दोन एकरांवर मिरची आणि भाजी करायच्या. जुनी विहीर खोल करायचं ठरलेलं काम त्यांनी सोडलं होतं आणि दुभती म्हैस विकून बोअर घेतला होता. एकशे पंच्याऐंशी फुटांवर कोरडा फुफाटा निघाला. अडीचशेला गेले तरी फुफाटाच.

"मिरची वाळून राह्यली," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "म्या त्या बाबावर न्हाई भुलले, देवा. तू बराबर म्हन्ला. मंग म्या आणिक कुणाला इचारू?"

त्या पाणी पिऊन गेल्या, तरी तो तांब्या हातात धरून तसाच उभा राहिला. दोन दिवस ऑफिसात त्याचं लक्ष लागलं नाही. समीकरण मांडायला घेतलं की ती बारीक चौकट समोर यायची.

त्या रविवारी अण्णासाहेबांचा मांडव धावड्याला होता. देवानंद सगुणाबाईंना घेऊन गेला. अण्णासाहेबांनी त्याला बघून हात पसरले, खुर्ची मागवली, माईक हातात दिला. देवानंद बसला नाही. तो पडद्याजवळ गेला आणि खालच्या झेंडूच्या माळा काढून बाजूला ठेवल्या.

"काकू, मनाला येईल तो आकडा सांगा."

"नव्वद."

त्याने लॅपटॉपवर काकूंचं तेच समीकरण मांडलं, चौकटीत नव्वद लिहिलं, बटण दाबलं. क्ष आला ९०.५८. दुसऱ्या कुणी चाळीस सांगितलं; आला ४०.३२. तिसऱ्याने तीनशे दहा, आला ३१०.४९. दरवेळी दोन्ही बाजूंना पाच.

"यंत्राला अपवित्र हात लागला," अण्णासाहेब म्हणाले. "क्षेत्रपाल कोपला."

"कोपला असता तर एखादं तरी उत्तर चुकलं असतं," देवानंद म्हणाला. त्याने पडद्यावर वरखाली जाणारी एक लांब लाट काढली आणि तिला मधून छेदणारी आडवी रेघ. "साइन म्हणजे ही लाट. ती संपत न्हाई. जिथं जिथं रेघ लाटेला कापते, तिथं एक उत्तर. दर दोनचार फुटाला एक. सॉफ्टवेअरला आपण सांगायचं कुठून शोधायचं, ते तिथलं जवळचं उत्तर आणून देतं. त्याला पाणी ठाऊक न्हाई, तुमचं शेत ठाऊक न्हाई. मांडवात शिरताना शेजारच्या बोअरची खोली कुणी विचारली का?"

तातेराव नावाचे म्हातारे शेतकरी उठले. "विचारली ना. यांच्या माणसानं वहीत लिहून घेतली."

"तोच आकडा या चौकटीत जातो. शेजाऱ्याला जिथं दगडात पाण्याची भेग लागली, तिथं तुम्हाला लागेलच असं न्हाई. आपला काळा दगड दहा पावलांवर बदलतो."

मांडवात गलका झाला. अण्णासाहेबांचा माणूस वायर गुंडाळू लागला, पण गावकऱ्यांनी वही काढून घेतली आणि पोलिसांना फोन लावला. तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "तुम्हाला हे केदारखेड्यात दिसलं न्हाई का?"

"दिसलं," देवानंद म्हणाला. मान वर होईना. "खुर्ची सोडवली न्हाई. माझ्या एका शब्दानं काकूची म्हैस गेली. म्हणून सांगतो, यंत्राच्या उत्तराला हात जोडू नका. आत काय घातलं ते आधी बघा. माणूस शिकलेला असला तरी त्याला विचारा. मलाही विचारा."

परतताना बसमध्ये सगुणाबाई खिडकीशी बसल्या. गाव जवळ आल्यावर देवानंद हळूच म्हणाला, "काकू, जुनी विहीर आठ-दहा फूट खोल केली तर पाणी लागंल. खर्चा माझा."

सगुणाबाईंनी त्याच्याकडे वळून पाहिलं. पहिल्यांदाच त्यांनी त्याला विचारलं, "कशावरून?"

देवानंदने खिशातून कागद काढला. शेजारच्या चार विहिरींची उन्हाळ्यातली पातळी त्याने स्वतः दोरी सोडून मोजली होती. एकेक आकडा तो समजावून सांगू लागला. "तरी खात्री न्हाई," शेवटी तो म्हणाला. "अंदाज आहे."

"पुन्यांदा सांग," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून."