तीस इंचांचं पाऊल

मी एक जुनं स्टॉपवॉच आहे, मित्रांनो, आणि जुनं असल्याची मला लाज वाटत नाही. मला सेल लागत नाही, चार्जर लागत नाही. सकाळी कोणी चार वेळा चावी पिळली की दिवसभराची माझी सोय होते. मुठीत मावेल एवढा माझा गोल देह, निकेलचं आवरण, पांढरी तबकडी आणि तिच्यावर फिरणारा एक सडपातळ काटा. विनय हा गुण मोठा असेल, पण वेळ मोजणाऱ्यानं फार विनयी होऊ नये. त्यानं आपला आकडा ताठ मानेनं सांगावा.

माझ्या पोटात एक पोलादी स्प्रिंग आहे. चावी दिली की ती आवळली जाते आणि सुटायला धडपडते. तिच्या त्या जोरावर एक चिमुकलं चाक पुढेमागे झुलत राहतं. त्याचा प्रत्येक झोका सारख्याच वेळाचा असतो, आणि मी फक्त ते झोके मोजतो. बटण दाबलं की सुरू, पुन्हा दाबलं की बंद, एवढीच माझी विद्या. पण ती पक्की आहे.

कारखान्यातून मी थेट पलटणीत गेलो. खेळांच्या शर्यतींसाठी मला घेतलं होतं. तिथं माझी गाठ हवालदार हंबीरराव यांच्याशी पडली. ते नव्या जवानांना कवायत शिकवायचे. कवायतीचं पाऊल तीस इंचांचं असतं, आणि हंबीररावांचं पाऊल म्हणजे तीस इंच, त्यात सुतभर इकडेतिकडे नाही. टेप चुकेल, पण हंबीरराव चुकायचे नाहीत, असं पलटणीत सगळे म्हणत. ते निवृत्त झाले तेव्हा मोठ्या साहेबांनी मला त्यांच्या हातावर ठेवलं. तेव्हापासून मी लोणंदजवळच्या आमच्या गावचा झालो.

आमच्या गावात तीन घरं मोजा, एकातला माणूस सैन्यात असतो. हवालदार आले ते स्वस्थ बसणारे थोडेच! त्यांनी दूध डेअरीच्या दारातून कॅनॉलच्या रस्त्यानं चालायला सुरुवात केली, एक हजार पन्नास पावलं मोजली आणि थांबले तिथं दगड रोवला. तेवढी पावलं म्हणजे आठशे मीटर. दगडाला वळसा घालून डेअरीपाशी परत आलं की झाले सोळाशे. भरतीला तेवढंच धावावं लागतं, आणि तेही साडेपाच मिनिटांच्या आत. रोज पहाटे पोरं धावायची आणि हवालदार मला मुठीत धरून उभे राहायचे. फोनला तिथं मज्जाव होता. एकेक करून सतरा पोरं सैन्यात गेली. त्यांचे वर्दीतले फोटो डेअरीच्या भिंतीवर लागले आहेत. त्यातल्या प्रत्येकाची वेळ मी मोजली आहे, आणि हे कोणी विचारलं नसतानाही मी सांगतो.

दोन वर्षांपूर्वी रस्ता रुंद झाला. यंत्रानं दगड उखडून कुठे टाकला कोणास ठाऊक. हवालदारांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तेव्हा सहा महिने झाले होते, पण ते ऐकतात होय! टोपी घातली, छाती काढली आणि पुन्हा एक हजार पन्नास पावलं मोजून नवा दगड रोवला. सगळा गाव बघायला जमला होता. टेप आणायचं कोणाच्याही मनात आलं नाही. हवालदारांच्या पावलावर टेप लावायची म्हणजे देवळात जाऊन देवाचा दाखला मागण्यासारखंच होतं.

त्यानंतर चमत्कार झाला. पोरं वाऱ्यासारखी धावू लागली. वीरधवल नावाचा एक उंच, हडकुळा पोरगा होता. त्यानं तर पाच मिनिटं दहा सेकंदांत अंतर कापलं. "डांबरी रस्त्यावर पोरं लय पळत्यात," असं गावात जो तो म्हणू लागला. मीही फुशारलो. काटा माझा होता ना!

पण भरतीला गेलेलं एकही पोर पास होईना. आधी ज्ञानू नापास झाला, मग ऋषिराज. गावानं निकाल देऊन टाकला, की आताच्या पोरांत दम नाही. मग सांगलीच्या मैदानावर वीरधवलची पाळी आली. हवालदार आणि त्यांची नात राजेश्वरी कुंपणाबाहेर उभे होते. राजेश्वरी अकरावी सायन्सला होती. तिच्या आबांची, म्हणजे हवालदारांची, नजर अधू झाल्यापासून माझं बटण तीच दाबायची. शिट्टी झाली, तिनं मला सुरू केलं. वीरधवलनं रेघ ओलांडली तेव्हा माझा काटा पाच मिनिटं पंचेचाळीस सेकंदांवर होता.

वीरधवल बाहेर आला तो घामानं निथळत आणि रागानं थरथरत. वयाच्या अटीत बसणारी आता एकच भरती उरली होती, चार महिन्यांनी.

"आबा, ह्ये घड्याळ गावात एक बोलतंय आन् हितं एक. लबाड हाय ते! दोन वर्सं आमाला खोटं सांगतंय."

"मग मीच बटण चुकीचं दाबलं म्हन की," राजेश्वरी म्हणाली.

"तसं न्हाई गं..." तो म्हणाला.

घरी आल्यावर हवालदारांनी मला फडक्यात गुंडाळलं आणि ट्रंकेत, जुन्या कोटाखाली ठेवून दिलं. मित्रांनो, मला फार वाईट वाटलं. मोडून पडलो असतो तर सोसलं असतं. लबाड म्हणून अंधारात पडणं सोसवत नाही. पोरं आता फोनवर वेळ मोजू लागली होती, हे मला ट्रंकेतही ऐकू यायचं.

तीन आठवड्यांनी ट्रंक उघडली. राजेश्वरीनं मला बाहेर काढलं आणि टेबलावर वही उघडली. तिनं एकाखाली एक लिहिलं: घड्याळ, माझा अंगठा, दगडाचा वळसा, भीती. मग पाचवा शब्द लिहिला, अंतर. तो तिनं लगेच खोडला. दाराकडे पाहिलं. थोड्या वेळानं पुन्हा लिहिला.

पहिला आरोपी अर्थात मी. तिनं मला आणि फोनला एकाच वेळी सुरू केलं आणि दहा मिनिटांनी थांबवलं. फरक अर्ध्या सेकंदाचाही नव्हता. शिवाय फोनवरही वीरधवलची गावातली वेळ पाच मिनिटं दहाच येत होती. मी सुटलो! मग तिचा अंगठा. तिनं आणि ज्ञानूनं एकाच धावण्याची वेळ वेगवेगळी मोजली, तेव्हा दोन-तीन दशांश सेकंदांचं अंतर पडलं. चोरी तर पस्तीस सेकंदांची होती.

मग वळसा. धावणारं शरीर सरळच धावत राहू पाहतं. दगडापाशी त्याला थांबवून उलटं फिरवायचं तर पायांनी रस्त्याला पुढच्या दिशेनं रेटा द्यावा लागतो, आणि त्या बदल्यात रस्ता पायांना मागे ढकलतो. वीरधवल दरवेळी दगडाच्या पुढे दोन पावलं जायचाच. म्हणजे वळशात वेळ वाया जात होता. पण तो जात होता गावात, सांगलीच्या गोल मैदानावर नव्हे. वळशाचा दोष असता तर गावातली वेळ जास्त यायला हवी होती. राजेश्वरीनं वळशावर काट मारली.

राहिली भीती. तिनं ज्ञानू आणि ऋषिराजला गाठून त्यांच्या गावातल्या आणि भरतीतल्या वेळा लिहून घेतल्या. एकाचा फरक पस्तीस सेकंद, दुसऱ्याचा छत्तीस, वीरधवलचा पस्तीस.

"ज्ञानूदादा, तू तवा घाबरला व्हतास?" तिनं विचारलं.

"छ्या! मी कशाला घाबरतोय? जिलेबी खाऊन गेलतो."

जिलेबी खाऊन गेलेला ज्ञानू आणि रात्रभर झोप न आलेला ऋषिराज, दोघांची भीती सारख्याच मापाची कशी असेल? राजेश्वरी बराच वेळ त्या तीन आकड्यांकडे बघत बसली. वेळ मी सांगतो, पण मला अंतर कळत नाही. वेग काढायचा तर अंतराला वेळेनं भागावं लागतं, आणि दोन्हींपैकी एक जरी चुकलं तरी वेग खोटा येतो. दोन वर्षं सगळ्या गावानं माझ्या काट्याकडेच पाहिलं होतं. दगडाकडे कोणी पाहिलंच नव्हतं.

तिनं सायकलच्या चाकाला लाल चिंधी बांधली. चाकाचा एक फेरा दोन मीटर आठ सेंटिमीटरचा भरला. डेअरीपासून दगडापर्यंत ती सायकल हातानं ढकलत, चिंधी वर आली की मोजत गेली. तीनशे शेहेचाळीस फेरे. पुन्हा मोजले, तिसऱ्यांदा मोजले, तरी तेवढेच. गुणाकार केला तर सातशे वीस मीटर! जाऊन-येऊन एकशे साठ मीटर कमी. पोरं सोळाशे धावतच नव्हती.

माझी अब्रू वाचली होती, पण मला आनंद होईना. कारण आता हे सांगायचं होतं कोणाला, तर ज्यांनी मला वीस वर्षं मुठीत जपलं त्यांना.

"आबा, दगडाचं अंतर एकदा टेपनं मोजू या का?" तिनं जेवताना हळूच विचारलं.

हवालदारांचा घास हातातच राहिला. "माझ्या पावलावर शंका घेतीस? पलटणीत मेजर साहेबानं घेतली न्हाई ती तू घेतीस?"

"शंका तुमच्यावर न्हाई, आबा. मोजमापावर हाय."

ते ताटावरून उठून गेले. दोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. पोरीच्या डोळ्यांत पाणी यायचं, ते ती पुस्तकाआड लपवायची. एका शब्दानं प्रकरण मिटवता आलं असतं, "जाऊ द्या आबा, माझंच चुकलं." पण वीरधवलचे दिवस सरत होते, म्हणून ती तो शब्द बोलली नाही. मला तिचा फार अभिमान वाटला.

तिसऱ्या दिवशी सकाळी हवालदार गवंड्याची टेप घेऊन अंगणात उभे होते. "धर हे टोक," ते म्हणाले. टाच भिंतीला लावली, छाती काढली आणि दहा पावलं टाकली. तीस इंचांची दहा पावलं म्हणजे बरोबर पंचवीस फूट. राजेश्वरीनं टेप ताणली. भरले साडेबावीस.

"पुन्यांदा," ते म्हणाले. पुन्हा साडेबावीस. तिसऱ्यांदा बोटभर जास्त. हवालदार भिंतीला टेकून उभे राहिले. आपल्याच पायांकडे बघत म्हणाले, "पाऊल बी म्हातारं व्हतंय, ह्ये मला कुनी सांगितलंच न्हाई बघ."

"मग आता, आबा?"

"आता काय! दगड हलवायचा."

दुसऱ्या दिवशी पहाटे डेअरीपाशी सगळी पोरं जमली. सतरा फोटोंसमोर हवालदार सावधानमध्ये उभे राहिले. कवायतीच्याच खणखणीत आवाजात म्हणाले, "चूक माझी हाय. दगड मी ऐंशी मीटर अलीकडं रोवला. घड्याळ खरं व्हतं, पोरगी खरी व्हती, तुमचे पाय बी खरे व्हते. नापास मी झालोय."

वीरधवल पुढे येऊन त्यांच्या पायांकडे वाकला, तर त्यांनी त्याला दंडाला धरून उभा केला. "पाया मागनं पड. आदी पळ."

टेपनं मोजून हलवलेल्या दगडाला वळसा घालून तो परत आला तेव्हा मी पाच मिनिटं शेहेचाळीस सेकंद दाखवत होतो. सांगलीत मी जवळजवळ हेच तर सांगितलं होतं! वीरधवलचा चेहरा पडला, पण हवालदार खुशीत होते. "आता खरा आकडा हातात आला. खऱ्यातनं कमी करता येतं गड्या, खोट्यातनं काय कमी करनार?"

वीरधवलनं मला तळहातावर घेतलं. इकडे तिकडे कोणी बघत नाही हे पाहून हळूच म्हणाला, "लबाड म्हनलो तुला. माफ कर बाबा." मी टिकटिक केली. तेवढंच मला येतं.

तीन महिने तो बैलासारखा राबला. शेहेचाळीसचे चाळीस झाले, चाळीसचे तेहतीस, आणि मग काटा तिथंच अडून बसला. हवालदारांनी त्याच्या पावलांची लांबी टेपनं मोजली, राजेश्वरीनं त्याची दर फेरीची वेळ लिहिली. पहिल्या आठशेत तो जीव तोडून धावतो आणि पुढच्या आठशेत उरतो अर्धाच, हे आकड्यांतच दिसलं. सुरुवात जरा आवरती घेतली तसे सेकंद पुन्हा उतरू लागले.

सांगलीच्या कुंपणाबाहेर आम्ही तिघं पुन्हा उभे राहिलो. शिट्टी झाली. या वेळी बटण हवालदारांनी स्वतः दाबलं. वीरधवलनं रेघ ओलांडली तसं त्यांनी मला थांबवलं आणि न बघताच राजेश्वरीच्या हातात दिलं. "वाच तू. ते बारीक आकडं मला दिसत न्हाईत."

"पाच चोवीस, आबा!"

हवालदारांनी मैदानाकडे तोंड करून कडक सलाम ठोकला आणि बराच वेळ हात खाली घेतला नाही. पुढे भोंग्यावर वीरधवलचा नंबर पुकारला गेला, तो आमच्यापैकी कोणालाच नीट ऐकू आला नाही. राजेश्वरी रडत होती आणि हसतही होती.

आता डेअरीच्या भिंतीवर अठरा फोटो आहेत. मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी जुनी वस्तू असेल, एखादं जुनं माणूसही असेल. त्यांना पुसून-झाकून ठेवलं म्हणजे जपलं असं समजू नका. त्यांना कामाला लावा, आणि अधूनमधून तपासून बघा. तपासण्यात अपमान नसतो. उलट ज्याला कोणी कधीच तपासत नाही, त्याचं चुकत चाललंय हे त्या बिचाऱ्याला कळायचं तरी कसं?

गेल्या महिन्यात भाऊसो पेंटर हलवलेल्या दगडावर अक्षरं काढायला आला. ब्रश बुडवून त्यानं विचारलं, "आबा, 'हवालदार हंबीरराव यांनी मोजले' असं घालू न्हवं?"

"न्हाई," हवालदार म्हणाले आणि त्यांनी सांगितलं तसंच भाऊसोनं लिहिलं. काळ्या दगडावर पांढऱ्या अक्षरांत ते आजही वाचता येतं: अंतर आठशे मीटर. शंका आल्यास पुन्हा मोजावे.