मांडीवरचा स्क्रू

आता माझे हात थरथरतात ते वयामुळे. पण एकोणिसाव्या वर्षी एकदा थरथरले होते, ते भीतीने.

घड्याळाच्या कारखान्यात मुलींची भरती होती. ती नोकरी मिळाली नाही, तर मी थोरल्या बहिणीकडे राहून तिची चार पोरं सांभाळायची, असं घरात ठरून गेलं होतं. भाऊजींनी स्वयंपाकघरात माझ्यासाठी खाटही टाकून ठेवली होती. मी तिच्यावर एकदा झोपून पाहिलं होतं. पाय भिंतीला टेकत होते.

मुलाखतीच्या सकाळी आत्याने मला तयार केलं. "ताठ बसायचं, हसून बोलायचं आणि घाम दिसू द्यायचा नाही," असं म्हणत तिने अर्धा डबा पावडर माझ्या मानेवर आणि पाठीवर ओतली.

"आत्या, पुरे! भूत दिसतेय मी."

"भुताला घाम येत नाही. वळ तिकडे."

कारखान्यात पोचले तर दारावर पाटी : धुळीचा एक कण घड्याळ बंद पाडतो. अंगाला पावडर लावून येणाऱ्यांना आत प्रवेश नाही.

मी ती दोनदा वाचली. परत फिरावं तर ती खाट. नळावर जाऊन तोंड धुतलं, मान चोळून धुतली, पण पाठीपर्यंत हात पोचेना. तेवढ्यात आतून हाक आली. सगळ्यांना पांढरे कोट दिले, मी माझा गळ्यापर्यंत बंद केला. तरी जरा वाकलं की आतून भपकन वास यायचा.

लांब टेबलाशी आम्ही सहा जणी. समोर परीक्षा घेणाऱ्या बाई, गळ्यात दोरीला भिंग अडकवलेल्या. म्हणाल्या, "चिमट्याने दहा स्क्रू उचलून पट्टीच्या भोकांत बसवा. मी प्रश्न विचारीन. हात थांबता कामा नये."

स्क्रू कसले, मोहरीहून बारीक. बाई माझ्यामागे येऊन थांबल्या.

"नोकरी कशाला हवी?"

पाठ केलेलं उत्तर पार उडालं. "खाट लहान आहे म्हणून," मी म्हणाले.

पलीकडची मुलगी फिसकन हसली. माझा हात हलला आणि सातवा स्क्रू चिमट्यातून उडाला.

हसणारीच बिचारी मदतीला उठली. आणखी एक जण आपली खुर्ची सरकवून टेबलाखाली वाकली. मी मात्र तशीच. हलले तर कोटातून पावडर उडेल, या धसक्याने मी श्वाससुद्धा घेत नव्हते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तेही पुसलं नाही.

"बसा!" बाई कडाडल्या. "पायाखाली चिरडला म्हणजे? जिचा पडला ती बघा कशी बसलीय."

त्या माझ्यावर वाकल्या. भिंग डोळ्याला लावून माझ्या मांडीवरच्या चुणीतून त्यांनी अलगद स्क्रू उचलला.

"काही पडलं की आधी पुतळा व्हायचं. महिना महिना शिकवावं लागतं मुलींना. तुला कुणी शिकवलं?"

मी नुसती मान हलवली. तेवढ्यानेही वास वर आला. बाईंच्या नाकपुड्या फुलल्या. त्यांनी माझ्या कॉलरकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. मला ती खाट दिसायला लागली.

"उरलेले चार बसव," त्या म्हणाल्या.

कसे बसवले कोण जाणे. एक तर चौथ्या खेपेला बसला. बाईंनी पट्टी उजेडात धरून बराच वेळ पाहिली, आणि माझ्या कानाशी हळूच म्हणाल्या, "उद्या आठला ये. अंगाला काहीही न लावता."

घरी आत्या दारातच उभी होती. "मिळाली? बघ! सगळी माझ्या पावडरीची करामत."

मी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी तीनदा आंघोळ करून कामावर गेले. तरीही बाई खुर्चीमागून जायला लागल्या की श्वास रोखून धरायचे. ही सवय पुढे कितीतरी वर्षं गेली नाही.